प्रास्ताविक मानसशास्त्र (मुंबई विद्यापीठ)

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा मानसशास्त्राचा पायाभूत अभ्यासक्रम. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘एफ.वाय.ची सायकॉलॉजी’. अकरावी-बारावीला हा विषय घेतलेला असण्याची गरज नसते. त्यामुळे राज्य मंडळाचे मानसशास्त्र दोन वर्षे शिकलेली मुलगी आणि विज्ञान शाखेला रामराम ठोकून आलेला मुलगा एकाच बाकावर बसतात. माटुंग्याचे रुईया व रुपारेल, पार्ल्याचे साठ्ये, मुलुंडचे वझे-केळकर या महाविद्यालयांत मराठी घरांतली मुले हा विषय घेतात. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेगळा. स्वायत्त महाविद्यालयेही आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात. गाभा सगळीकडे जवळपास तोच.

प्रवेश घेताना बहुतेकांच्या डोक्यात समुपदेशन, स्वप्नांचे अर्थ आणि मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड असतो. (‘सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?’ असे विचारणारा एखादा काका प्रत्येक घरात असतोच.) सुरुवात मात्र होते विल्हेल्म वुंटने १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला स्थापन केलेल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून आणि संशोधनपद्धतींपासून. पाठोपाठ चेतापेशी, मेंदूचे खंड, अंतःस्रावी ग्रंथी. जीवशास्त्र टाळायला कला शाखेत आलेल्यांची इथे चांगलीच पंचाईत होते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही, हे या वर्षातले सर्वांत मोलाचे शिक्षण. त्यावर खर्च होणारा वेळ त्या मानाने फारच थोडा.

पुढे अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना, व्यक्तिमत्त्व ही प्रकरणे येतात. अन्नाची चाहूल देणाऱ्या खुणेनेच लाळ गाळणारा, रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवचा कुत्रा सर्वांना पाठ असतो. पाव्हलॉवला १९०४चे नोबेल मिळाले ते पचनसंस्थेवरील कामासाठी, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. स्मृतीच्या प्रकरणात जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस भेटतो. अर्थहीन अक्षरगट पाठ करून ते किती वेगाने विसरले जातात हे त्याने स्वतःवरच तपासले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते. आणि एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी जास्त टिकते. हे प्रकरणसुद्धा परीक्षेच्या आदल्या रात्रीच घोकले जाते, ही गोष्ट वेगळी.

जुन्या रचनेत पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन (सामाजिक आणि विकासात्मक मानसशास्त्र) आणि तिसऱ्या वर्षी सहा पेपर अशी चढण होती. सहाही पेपर मानसशास्त्राचे घेणे म्हणजे ‘सिक्स युनिट’. त्यांत मानसशास्त्रीय चाचण्या व सांख्यिकी, अपसामान्य मानसशास्त्र, औद्योगिक मानसशास्त्र यांच्या जोडीने प्रात्यक्षिकेही असत. प्रयोगकर्ता, प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग होतो तो), स्टॉपवॉच आणि सर्टिफाय करून घ्यायचे जर्नल यांची ओळख होईपर्यंत तिसरे वर्ष उजाडे. प्रयोगावर उभ्या असलेल्या विषयाला हा उशीर परवडण्यासारखा नव्हता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यावर मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) अशी विभागणी आली.

पुस्तकांतली बहुतेक संशोधने युरोप-अमेरिकेतली. लाताने आणि डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवले की बघे जितके जास्त, तितकी एकेकाने पुढे येऊन मदत करण्याची शक्यता कमी. हे मुंबईत शिकवताना २६ जुलै २००५ला वळसा घालून जाता येत नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकांनी अनोळखी माणसांना रात्रभर घरात घेतले. तेवढ्याने सिद्धांत खोटा ठरत नाही. बघ्यांचा परिणाम दिसतो तो संकट खरे की नाही हे धूसर असताना आणि जबाबदारी कुणाची हे ठरत नसताना. कमरेइतक्या पाण्यात यातली पहिली शंका तरी उरत नाही. लोकलच्या फलाटावर कोसळलेल्या माणसाभोवतीचे कोंडाळे मात्र पुस्तकाप्रमाणेच वागू शकते.

उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते, पण वाचायची पुस्तके बहुतेक इंग्रजी. ‘अभिसंधान’, ‘प्रबलन’ लिहून शेजारी मूळ संज्ञा (कंडिशनिंग, रीइन्फोर्समेंट) देण्याची सवय त्यातूनच लागते.

पदवीनंतर एम.ए.साठी कालिन्याच्या विद्यानगरीत उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. बाकीचे शाळा, मनुष्यबळ विभाग किंवा स्वयंसेवी संस्थांकडे वळतात.