ओळख पक्की होण्यामागची जनुके

एखादी वस्तू आपण आधी पाहिली आहे एवढे कळणे म्हणजे ओळख-स्मृती. ती पंधरा मिनिटे टिकणे वेगळे आणि दुसऱ्या दिवशीही शाबूत असणे वेगळे. नवी स्मृती आधी कच्ची असते आणि मग मुरत जाते, हे म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९०० सालीच मांडले होते. मुरताना पेशीत काय घडते, याचा माग मात्र १९६० च्या दशकात लागू लागला.

मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड ॲग्रॅनॉफ यांनी गोल्डफिशना दिवा लागताच टाकीच्या पलीकडच्या भागात जाऊन विजेचा धक्का चुकवायला शिकवले. शिकवून झाल्याबरोबर प्युरोमायसिन टोचले, म्हणजे प्रथिनांची निर्मितीच रोखली, तर काही दिवसांनी मासे ते विसरलेले आढळत. तेच इंजेक्शन तासाभराने दिले तर स्मृतीला धक्का लागत नसे. मला यातली वेळ सर्वांत बोलकी वाटते. औषधाने मासे नुसतेच आजारी पडले असते, तर उशिरा दिलेल्या डोसनेही तेच व्हायला हवे होते. तरीही शंका उरल्याच, कारण प्युरोमायसिनमुळे मेंदूतले विद्युत संदेशही बिघडतात.

पुढे एरिक कँडेल यांच्या गटाने अप्लिशिया या सागरी गोगलगाईत दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीसाठी क्रेब या प्रथिनाचे महत्त्व दाखवले. नवी प्रथिने बनवण्यासाठी लागणारी जनुके चालू करणारा हा जणू खटकाच.

ओळख-स्मृतीपुरती सोय झाली ती १९८८ मध्ये, एनासूर आणि दलाकूर यांच्या साध्या चाचणीने. उंदराला दोन सारख्या वस्तू हुंगू द्यायच्या आणि नंतर त्यातली एक बदलायची. जुनी आठवत असेल तर तो नवीपाशी जास्त रेंगाळतो. ना खाऊचे आमिष, ना शिक्षा; आणि स्मृती एकाच भेटीत तयार होत असल्याने घड्याळ कुठून लावायचे हेही स्पष्ट.

मग धागे जुळले. नव्या वस्तू दिसल्या की पेरिरायनल कॉर्टेक्स या मेंदूच्या भागात फॉस हे, चेतापेशी सक्रिय होताच बनणारे प्रथिन परिचित वस्तूंपेक्षा जास्त बनते, हे १९९५ मध्ये दिसले. त्याच भागातले क्रेबचे काम ब्रिस्टलच्या संशोधकांनी २००५ मध्ये रोखले, तेव्हा पंधरा मिनिटांनंतरची ओळख टिकली, पण चोवीस तासांनंतरची गेली.

झिफ२६८ हे, चेतापेशी सक्रिय होताच चालू होणारे जनुक नसलेल्या उंदरांचीही अशीच गत होते. मात्र २००३ च्या प्रयोगात एक गुंता निघाला: जास्त सराव दिल्यावर या उंदरांना वस्तू दुसऱ्या दिवशीही ओळखता आल्या, पण त्या पुन्हा समोर आणून आठवण जागी केली की ती नंतर टिकत नसे.