बोहारणीला हवं, यंत्राला नको

दिवाळीच्या तोंडावर नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानात पाटी लागली होती: ‘जुने कपडे द्या, कूपन घ्या, पृथ्वी वाचवा.’ कूपन चालणार ते पुढच्या खरेदीवर, म्हणजे पृथ्वी वाचवायला आधी नवे कपडे घ्यायचे. त्याच आठवड्यात पंचवटीतल्या आमच्या गल्लीत बोहारीण आली. ती पृथ्वीचं नावही काढत नव्हती, पण कपड्यांचं विज्ञान मला तिच्याकडूनच जास्त कळलं.

आईने तिच्यापुढे दोन ढीग ठेवले. एकात मऊ पडलेली सुती लुगडी आणि चादरी, दुसऱ्यात बाबांच्या टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिस्टर आणि कापसाच्या मिश्र कापडाच्या पँटी. बोहारणीने सुती ढीग पायानेच सरकवला. मग एकेक पँट उजेडाकडे धरून बसायची जागा आणि गुडघे बघितले, बोटांनी कापड ताणलं.

“ताई, लुगडी राहू द्या. अजून दोन पँटी काढा, पातेलं घेऊन जा.”

“अगं, पातेलं कसलं? चाळणी देतेस तू!”

शेवटी चाळणीवर मिटलं. तिचा हिशोब सरळ आहे. कपडा धुऊन, इस्त्री करून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढणार असेल, तरच त्याला किंमत. टेरिकॉट विटत नाही, विरत नाही, लवकर फाटत नाही, म्हणून तिला ते हवं. आणि नेमकं हेच कापड फाडून, पिंजून पुन्हा सूत काढणाऱ्या यंत्राला नको असतं. वस्त्रोद्योगातल्या ‘चक्राकार अर्थव्यवस्थे’ची, म्हणजे जुन्यातूनच पुन्हा नवं घडवण्याची, सगळी गोम इथेच आहे. ती समजायला मात्र सुतात शिरावं लागेल.

देवापुढची वात आठवा. कापूस हातात घेऊन ओढला तर तो तुटत नाही, सुटतो. तळव्यावर वळला की तोच कापूस एकसंध होतो. आपल्या कापसाचा तंतू साधारण 27 ते 30 मिलिमीटर लांब असतो. एवढ्याशा तंतूंपासून मैलोन्‌मैल सूत निघतं आणि त्यात डिंकाचा थेंबही नसतो. सगळं काम पिळाचं. पिळामुळे तंतू एकमेकांभोवती मळसूत्रासारखे वेढले जातात. सूत ओढलं की प्रत्येक वेढा आतल्या तंतूंना दाबतो, दाबामुळे घर्षण वाढतं आणि घर्षणामुळे घसरण थांबते. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. माणसाने लावलेल्या सर्वांत चलाख शोधांपैकी हा एक, आणि लावणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

पण या युक्तीला एक अट आहे. पकड तंतूच्या लांबीभर वाटलेली असते, आणि टोकांजवळ ती जवळपास नसतेच. तंतू लांब असेल तर मधला भाग टोकांची उणीव भरून काढतो. तंतू आखूड झाला की तो नुसती टोकंच उरतो, मग कितीही पीळ द्या, सूत सुटतंच. आता जुनं कापड दातेरी रुळांच्या यंत्रात घाला. रूळ कापड ओरबाडतात आणि तंतू मोकळे होतात, पण अखंड राहत नाहीत. घट्ट विणीच्या कापडात तंतू सुटण्याआधी तुटतो, त्यामुळे लांबी निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येते. बनियनचं कापड विणलेल्या फाशांचं असल्याने सहज उसवतं. म्हणून तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या होजिअरीतल्या पांढऱ्या कात्रणांना चांगला भाव आणि घट्ट विणीच्या जीन्सला कमी. आखूड तंतूंचं सूत काढायचं तर ते जाड काढावं लागतं, म्हणजे आडव्या छेदात पुष्कळ तंतू मावतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. नाहीतर नवा कापूस मिसळायचा. हरयाणातलं पानिपत हे जगातलं जुन्या कपड्यांचं मोठं केंद्र आहे. तिथे रंगांनुसार चिंध्या निवडून जाड सुताच्या चादरी आणि ब्लँकेटं होतात. तुमच्या शर्टाचा पुन्हा शर्ट मात्र क्वचितच होतो.

टेरिकॉटमध्ये याच्याही पुढची अडचण. पॉलिस्टर साधारण 260 अंश सेल्सिअसला वितळतं, कापूस वितळतच नाही, जळतो. दोघांचे तंतू एकाच धाग्यात पिळलेले असताना त्यांना वेगळं करायला रसायन लागतं. गरम आम्लाने कापसाची भुकटी करून पॉलिस्टर वाचवता येतं, किंवा पॉलिस्टरच्या लांब साखळ्या तोडून मूळ रेणू परत मिळवता येतात. दोन्ही जमतं, पण नवं पॉलिस्टर इतकं स्वस्त आहे की हा खटाटोप कुणी पदरमोड करून करत नाही.

मग अंगरख्यावरचं ‘100 टक्के रिसायकल्ड पॉलिस्टर’ येतं कुठून? बहुतांशी पाण्याच्या बाटल्यांतून. बाटली एकाच जातीची, स्वच्छ आणि ओळखायला सोपी. तिची पुन्हा बाटली होऊ शकते, पण टी-शर्ट झाला की तिचा प्रवास बहुधा तिथेच संपतो. जगातल्या एकूण तंतूंपैकी जुन्या कापडापासून परत मिळवलेला तंतू 1 टक्क्याहूनही कमी आहे. त्यात आता आणखी एक पेच. भारताच्या 2022 च्या प्लास्टिक नियमांत कडक प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी 2025-26 पासून 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के रिसायकल्ड प्लास्टिकची अट घातली गेली. बाटलीवाल्यांनाच बाटल्या हव्या झाल्या, तर टी-शर्टवाल्यांनी काय करायचं?

कापडासाठी आपल्याकडे अशी सक्ती नाही. फ्रान्सने 2007 मध्येच कपडे विकणाऱ्यांवर जुन्या कपड्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली. प्रत्येक नगामागे शुल्क भरायचं आणि त्यातून गोळा करणं, निवडणं यांचा खर्च निघायचा. टिकाऊ कपड्याला त्यात सवलतही मिळते. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक केलं. मला यातली निवडणीच्या खर्चाची तजवीज सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण चिंधीत काय आहे ते कळलं की भाव येतो. मालेगावच्या यंत्रमागावर वाया गेलेल्या सुताला लगेच गिऱ्हाईक मिळतं, ते याचमुळे. माग कशावर चालला हे मालकाला ठाऊकच असतं. आपल्या कपाटातल्या ढिगाबद्दल तसं सांगता येत नाही, आणि तो घंटागाडीत ओल्या कचऱ्यासोबत गेला तर पाथर्डीच्या खत प्रकल्पावर पोचेपर्यंत निवडण्यासारखं काही उरत नाही.

जरीचं उदाहरण तर लखलखीत आहे. खऱ्या जरीत चांदीची तार असते. म्हणून आजीची फाटकी पैठणीसुद्धा घ्यायला माणूस दारात येतो, जरी जाळून चांदी काढतो. त्यासाठी ना कायदा लागला, ना कूपन.

रामकुंडावर अंगावरचे कपडे सोडले की पीडा जाते, असं मानणारे अजून आहेत. पीडेचं मला माहीत नाही, पण पॉलिस्टरची साडी गोदावरीत विरघळत नाही, तळाशी बसते. सिंहस्थात ती उपसायला पुन्हा माणसंच उतरवावी लागणार.

आमच्या आवराआवरीचा हिशोब असा: लुगड्यांची आईने गोधडी शिवायला घेतली, टेरिकॉटची चाळणी आली. माझी दोन वर्षांची ताणणारी जीन्स राहिली. तिच्यात कापूस, पॉलिस्टर आणि रबरासारखा इलॅस्टेन धागा, तिन्ही आहेत. मांडीला ती घासून विरली होती, म्हणून बोहारणीने नाकारली. गोधडीला टोचायला सुई शिरेना, म्हणून आईने नाकारली. कूपनवाल्या दुकानाने मात्र न बघताच घेतली असती, पण तिचं पुढे काय होतं, असं विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, ते हेड ऑफिसला जातं.” जीन्स परत आणली. सध्या माळ्यावर आहे.