मऊ लेन्स, कडक लेन्स आणि हळदीची धूळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की हवाच पिवळी होते. तिथं अडत दुकानावर बसणाऱ्या, आमच्या ओळखीतल्या एका पोराला डॉक्टरांनी कडक कॉन्टॅक्ट लेन्स सांगितली, तेव्हा त्याची आई म्हणाली, "मऊ मिळतीय की! मग कडक कशाला घालायची लेकराच्या डोळ्यात?"

प्रश्न रास्त आहे. मऊ लेन्स खरंच सुखाची. १९६१ साली प्राग शहरात ओटो विख्टरले या रसायनशास्त्रज्ञानं मुलांच्या जोडखेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जुळवून, घरातच ती फिरवून ओतायचं यंत्र बनवलं. ही लेन्स ज्या जेलची, ते पाणी धरून ठेवतं, म्हणूनच ती मऊ. डबीबाहेर राहिली तर हीच लेन्स वाळून कुरडईसारखी कडक होते.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. तो बराचसा ऑक्सिजन हवेतून, अश्रूंवाटे घेतो. जुन्या कडक लेन्स ॲक्रिलिकच्या, त्यातून ऑक्सिजन जायचाच नाही. आजच्या कडक लेन्समधून तो चांगला जातो. तरी कडक म्हटलं की लोकांना अजून त्या जुन्याच आठवतात.

या पोराला केराटोकोनस आहे. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढं येतो. (डोळे चोळायची खोड आणि हा आजार बऱ्याचदा जोडीनं दिसतात.) साधारण १४ मिलिमीटरची मऊ लेन्स अशा डोळ्यावर ओल्या फडक्यासारखी बसते, खालचा उंचसखलपणा वरही तसाच उमटतो. नऊ-दहा मिलिमीटरची कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. मधल्या फटीत अश्रू भरतात आणि त्या अश्रूंचंच एक भिंग तयार होतं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

धुळीचं मात्र उलटं. कडक लेन्सखाली कण गेला की माणूस जागच्या जागी उभा राहतो. मऊ लेन्सखाली कण सहसा शिरत नाही, पण ती रंग पिते. तपासणीचा फ्लुरोसिन या रंगाचा थेंब टाकण्याआधी म्हणूनच ती काढायला लावतात. आणि नळाचं पाणी दोन्हींना वर्ज्य, त्यातला अकँथामीबा हा सूक्ष्म जीव कॉर्निया पोखरतो.

पहिले दोन आठवडे पोराचे डोळे सारखे गळत होते. आता सौद्याच्या वेळी तो वरून गॉगल चढवतो. हमाल त्याला हिरो म्हणून हाक मारतात.