नोकरीविना आलेली निराशा आणि डिप्रेशन: घरात दोन्हीला ‘आळस’च म्हणतात

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अभ्यासिका चालवतो. दारातच रजिस्टर ठेवलंय: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन मुलांच्या आयांचे फोन आले आणि दोघींचं वाक्य एकच होतं. ‘दादा, पोरगं नुस्तं लोळत पडतंय ओ.’

पहिला पोलीस भरतीत एका मार्कानं गेला होता. चार दिवस त्यानं तोंड दाखवलं नाही. पाचव्या दिवशी आला, पायरीवर बसून भरतीला आणि नशिबाला मनसोक्त शिव्या घातल्या. कुणीतरी कटवडा मागवला, त्यातले दोन यानंच संपवले आणि वर ‘पुढची जाहिरात कधी?’ म्हणून विचारलं. ही निराशा. दुखतं, पण कशामुळं दुखतंय ते माणसाला माहीत असतं आणि मधे मधे ते विसरताही येतं.

दुसऱ्याचं बिनसलंय हे रजिस्टर सांगत होतं, मीच वाचलं नाही. सातची सही नऊवर गेली, नवाची अकरावर. मग नाव लिहिलेलं, वेळेच्या रकान्यात नुसती रेघ. हा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर. पण शाहू स्टेडियमवर मॅच असली की ‘तुम्ही जावा’ म्हणायला लागला. पुढं एका परीक्षेच्या मुख्यला त्याचं नाव लागलं. आम्ही पेढे आणले. त्यानं एक हातात घेतला, ‘हं’ म्हणाला आणि तसाच वहीवर ठेवला. चांगली बातमीसुद्धा आत पोचत नव्हती. मी मात्र त्याच्या आईला ‘मोबाइल काढून घ्या’ असा सल्ला देऊन बसलो होतो.

डॉक्टर डिप्रेशन म्हणतात ते किमान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलेल्या अवस्थेला. मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, यातलं एक तरी असावंच लागतं. सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, अपराधीपणा, हालचाल मंदावणं, मरणाचे विचार. एकूण नऊपैकी पाच लक्षणं. कागदावर खुणा करून स्वतःच निकाल लावू नका, ते काम डॉक्टरांचं. आणि रडू यायलाच पाहिजे असंही नाही. आपल्याकडं कितीतरी जण डोकेदुखी, अंगदुखी म्हणूनच दवाखान्यात जातात.

झोपेचं बघा. निराश पोरगं रात्री दोनपर्यंत मोबाइल बघतं, म्हणून उशिरा उठतं. डिप्रेशनमध्ये पुष्कळदा पहाटे तीन-चारलाच जाग येते, परत डोळा लागत नाही आणि सकाळचे तास सगळ्यांत जड जातात. काहींची झोप उलट वाढते. आईला दोघंही नऊ वाजता अंथरुणातच दिसतात!

बोलणंही ऐका. ‘जागाच निघत नाहीत’ ही तक्रार झाली. ‘माझ्यातच काही नाही, घरच्यांना नुसतं ओझं झालोय’ हे वेगळं. असं कानावर आलं तर जिवाचं काही बरंवाईट मनात येतंय का, असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

घोटाळा होतो, कारण बेकारी धडधाकट माणसालाही मंद करते. १९२९-३० मध्ये ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी बंद पडली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथं केलेला अभ्यास १९३३ मध्ये आला. लोकांकडं वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्यावरची पुरुषांची चालसुद्धा मंदावली. पगाराबरोबर दिवसाची घडी गेली होती, चार माणसांत ऊठबस गेली होती, गावातलं स्थान गेलं होतं. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला जाणाऱ्याला ‘आज का उठायचं?’ हा प्रश्न पडत नाही.

म्हणजे बेकार तो डिप्रेशनवाला असंही नाही. पॉल आणि मोझर या संशोधकांनी २००९ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र पाहिले. मानसिक त्रास असलेल्यांचं प्रमाण बेकारांत सरासरी ३४ टक्के निघालं, नोकरदारांत १६. दुपटीहून जास्त, तरी बहुतेक बेकार त्यात नाहीत. काहींच्या बाबतीत तर आधी मन खचतं आणि त्यापायी काम सुटतं.

निराशेला मित्र लागतात, सकाळचं मैदान लागतं, जमलं तर हातात थोडे पैसे येतील असं अर्धवेळ काम. डिप्रेशनला समुपदेशन लागतं, गरज पडली तर गोळ्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. ‘नोकरी लागली की होईल नीट’ हे मला सगळ्यांत घातक वाटतं. त्याखालोखाल ‘लग्न करून टाका’.

टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फीच्या नोटिशीशेजारी मी तो मोठ्या अक्षरात लावलाय. परवा एकजण पेनानं तळहातावर आकडे उतरवून घेत होता. मी रजिस्टरातून मान वर काढली नाही.