विमान वळवलं म्हणजे इंधन संपलं नव्हतं!

सांगलीत विश्रामबागला आमच्याकडे कुणीही आलं की हाच प्रश्न. परवा मावशीनं विचारलं, "काय गं, पुण्यात न उतरता विमान हैदराबादला नेलं. पेट्रोल संपत आलेलं आणि तुम्ही सांगितलं नाही, खरं ना?" मी केबिन क्रूमध्ये काम करते. वर्षानुवर्षं फिरणारी ही समजूत चुकीची आहे.

उलट, इंधन शिल्लक असतं म्हणूनच विमान दुसरीकडे नेता येतं. ठरलेल्या ठिकाणी पोचण्याइतकं, तिथून पर्यायी विमानतळ गाठण्याइतकं आणि त्यावर जेट विमानासाठी किमान 30 मिनिटांचं राखीव, एवढं इंधन निघतानाच भरावं लागतं. वळवायचं की नाही, हा निर्णय कॅप्टनचा. आम्हाला तो इंटरकॉमवर कळतो, कधीकधी तुमच्या जेमतेम दोन मिनिटं आधी. मग लपवायचं काय?

"वळवलेलं विमान उतरलं की दारं बंद करून प्रवाशांना कोंडून ठेवतात" हेही तसंच. खाली उतरवायला शिडी, बस आणि विमानतळाची परवानगी लागते. इंधन भरताना प्रवासी आत असतील तर आम्ही पट्टे सोडायला सांगतो, वेळ पडलीच तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून. लोकांना वाटतं, उतरायचंय. सगळे उठून बॅगा काढायला लागतात. कृपा करून बसून राहा, त्या वेळी वाट मोकळी हवी असते.

आणि जमिनीवर थांबलेला वेळही आमच्या ड्यूटीत मोजला जातो. मर्यादा संपली, तर दुसरा क्रू येईपर्यंत विमान हलत नाही.