कंट्रोलर ‘चढा’ म्हणतो, अल्टिमीटर ‘पोहोचलो’ म्हणतो, तेव्हा

आमच्याकडून कॉकपिट पॅनेल घेतलेल्या ग्राहकांसाठी

पॅनेल बसवून आठवडा होतो न होतो तोच एक फोन येतो. ‘उंची चुकीची दाखवतंय, युनिट बदलून द्या.’ युनिट परत मागवून तपासलं, तर बहुतेक वेळा त्यात काहीच निघत नाही. ग्राहकाचे दिवस जातात, आमचा कुरिअरचा खर्च जातो आणि सिममधला (संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरमधला) हवाई वाहतूक कंट्रोलर ‘चढा’ हेच वाक्य पुन्हा ऐकवत राहतो. म्हणून हे पत्रक.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. पॅनेलवर दिसणारा उंचीचा आकडा पॅनेल काढत नाही. तो सिम पाठवतो, पॅनेल फक्त दाखवतं. सिमच्या पडद्यावरचा अल्टिमीटर (उंची दाखवणारं उपकरण) आणि आमचा अल्टिमीटर एकच आकडा दाखवत असतील, तर यंत्र ठीक आहे. भांडण सिमच्या पोटातल्याच दोन हिशोबांचं आहे.



आधी दाब बघा

अल्टिमीटर हा मुळात हवेचा दाब मोजतो आणि तो फुटांत सांगतो. त्याच्या छोट्या खिडकीत कुठला दाब लावला आहे, यावर आकडा ठरतो. एका हेक्टोपास्कलला (हे दाबाचं एकक) साधारण २७ ते ३० फूट. समजा, विमानतळाचा दाब १००३ आहे आणि तुमच्या खिडकीत प्रमाण दाब, म्हणजे १०१३ तसाच राहिला आहे. अल्टिमीटर ६,००० दाखवेल, पण विमान ५,७०० च्या आसपास असेल. कंट्रोलर ‘६,००० ला चढा’ म्हणतो, तेव्हा तो बरोबर आहे. वर गेल्यावर उलटी चूक होते: फ्लाइट लेव्हल ३५० ला (म्हणजे प्रमाण दाबाने मोजलेल्या ३५,००० फुटांवर) खिडकीत १००३ च राहिला, तर तुम्ही ३०० फूट जास्त वर असता आणि तो ‘उतरा’ म्हणतो.

प्रमाण दाब कधी लावायचा, ही खरी अडचण. अमेरिकेत ही रेषा १८,००० फुटांवर आहे. इतर अनेक ठिकाणी ती बरीच खाली असते आणि विमानतळागणिक बदलते. चार्टवर, म्हणजे विमानतळाच्या उड्डाण-नकाशावर, ती छापलेली असते. पण बऱ्याच सिमच्या अंगभूत एटीसीला (म्हणजे कंट्रोलरच्या यंत्रणेला) १८,००० चीच सवय आहे. तुम्ही चार्टप्रमाणे ५,००० ला दाब बदलता, कंट्रोलर बदलत नाही, आणि मधल्या पट्ट्यात दोघांचं जमत नाही. सिममधल्या कंट्रोलरबरोबर उडताय, तर त्याच्या रेषेने चाला; शास्त्र थोडं बाजूला ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ‘बी’ ही कळ दाबली की स्थानिक दाब आपोआप लागतो. ती कळ पॅनेलवरच्या एखाद्या रिकाम्या बटणाला जोडून टाका.

दाब बरोबर, तरी किरकिर

इथून मामला रंगतो. अल्टिमीटर धरून चालतो की हवा ‘प्रमाण’ आहे: समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस आणि दर हजार फुटांना सुमारे २ अंशांनी थंड. खरी हवा असं कुणाचं ऐकत नाही. हवा गरम असेल तर ती फुगते आणि दाबाचे थर वर सरकतात. ढोबळ हिशोब असा, की प्रमाणापेक्षा १० अंश फरक असला तर उंचीत ४ टक्के फरक पडतो. म्हणजे गरम दिवशी फ्लाइट लेव्हल ३५० ला तुमची समुद्रसपाटीपासून मोजलेली, जीपीएसची उंची ३६,४०० फूट असू शकते. विमानात यात काही बिघडलेलं नाही. त्या थरातली सगळी विमानं तेवढीच वर असतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं.

पण सिमचा कंट्रोलर दाबाची उंची न बघता सरळ भौमितिक उंची बघत असेल, तर त्याला तुम्ही १,४०० फूट वर दिसता. मग सुरू होतं: ‘३५,००० ला उतरा, ताबडतोब उतरा.’ आमच्या एका चाचणी उड्डाणात हे चाळीस मिनिटं चाललं होतं. शेवटी आम्ही आवाज बंद केला.

याची परीक्षा सोपी आहे. चालू (लाइव्ह) हवामान बंद करून स्वच्छ आकाशाचं, प्रमाण तापमान-दाबाचं तयार हवामान लावा. तक्रार थांबली, तर दोष हवेच्या हिशोबात आहे. थांबली नाही, तर पुढचा भाग वाचा. चालू हवामानातच उडायचं असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: अल्टिमीटरवर राहा, कंट्रोलरच्या मागे लागून उंची बदलू नका.

प्लॅन दोन, उंच्या दोन

हे सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि सगळ्यात लवकर सुटतं. तुम्ही विमानाच्या संगणकात ३६,००० भरता. सिमच्या स्वतःच्या फ्लाइट प्लॅनमध्ये मात्र दुसराच आकडा पडलेला असतो. कंट्रोलर वाचतो तो दुसरा. तेव्हा उड्डाण सुरू करण्याआधी दोन्हीकडचा आकडा जुळवा. हवेत लक्षात आलं, तर एटीसीच्या मेनूतून उंची बदलून मागा. समविषमही एकदा बघा: बहुतेक ठिकाणी पूर्वेकडे विषम हजार, पश्चिमेकडे सम. काही देशांत ही वाटणी उत्तर-दक्षिण असते.

उतरायला सांगतच नाही

विमानतळ ४० मैलांवर आला आणि तुम्ही अजून ३५,००० वर? हा जुना आजार आहे. वाट बघू नका. जितके हजार फूट उतरायचे, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी सुरुवात करा. ३५,००० वरून ५,००० ला यायचं तर ९० मैल, आणि वेग कमी करायला आणखी १०. उतरण्याचा दर म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग (नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैल) गुणिले ५: ४२० नॉटला मिनिटाला २,१०० फूट. त्या जागी पोहोचलात की मेनूतून कमी उंची मागा. दोनदा नाकारलं, तर उतरायला लागा. तो कुरकुरेल, कदाचित आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडण्याचा प्लॅन) रद्द करेल. करू द्या.

उलट, डोंगराळ भागात तो फार खाली बोलावतो तेव्हा अजिबात ऐकू नका. अप्रोच चार्टवर (उतरण्याच्या मार्गाच्या नकाशावर) २५ मैलांच्या वर्तुळातली किमान सुरक्षित उंची दिलेली असते. तिच्या खाली, अप्रोचच्या ठरलेल्या मार्गावर येईपर्यंत, जायचं नाही. खऱ्या उड्डाणातही विमानाबाबतचा अंतिम अधिकार कॅप्टनचा असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतच, परिशिष्ट २ मध्ये, तसं म्हटलं आहे.

हे सगळं संगणकाच्या कंट्रोलरला लागू आहे. व्हॅटसिम किंवा इव्हाओ या ऑनलाइन जाळ्यांवर समोर माणूस असतो. तो ‘उंची तपासा’ म्हणाला, तर आधी दाब बघा, मग त्याच्याशी बोला. परस्पर काही करू नका. तिथे ट्रान्स्पॉन्डर (विमानाची उंची कंट्रोलरला कळवणारं यंत्र) तुमची उंची १०१३ च्या हिशोबानेच पाठवतो, खिडकीत काहीही लावलं असलं तरी.

आमची चूक असते तेव्हा

नॉब एक खटका फिरवला आणि उंची १०० ऐवजी २०० ने बदलली, किंवा नॉबला हात न लावता आकडा उडाला, तर मात्र आम्हाला कळवा. त्याआधी एवढंच बघा, की तोच आदेश सिमच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या एखाद्या जॉयस्टिकलाही जोडलेला नाही ना. फोन करताना तीन आकडे हाताशी ठेवा: पडद्यावरच्या अल्टिमीटरची उंची, पॅनेलवरची उंची आणि खिडकीतला दाब. पडद्यावरची आणि पॅनेलवरची उंची वेगळी निघाली, तर युनिट आम्ही आमच्या खर्चाने मागवून घेऊ.