बंद कारखान्यातला राक्षस आणि त्याचे कान

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, बंद पडलेल्या कारखान्यांविषयी रात्रपाळीचे कामगार आणि फाटकावरचे रखवालदार ज्या हकिकती सांगतात, त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. मध्यरात्रीनंतर शेडमधून कुणी जिवाच्या आकांताने किंचाळल्यासारखा आवाज येतो. कधी आत कुणीतरी घोरते आहे किंवा फुत्कारते आहे असे वाटते. पांढराफटक चेहरा दिसतो आणि त्याच्याकडे रोखून पाहिले की नाहीसा होतो. तो डोक्यावरून जातो तेव्हा कसलीही चाहूल लागत नाही, त्याची मान पार पाठीकडे वळते आणि सकाळी आत गेले तर जमिनीवर केसांत गुरफटलेली हाडे पडलेली असतात. कुणी याला हडळ म्हणतो, तर कोकणातून आलेला एखादा खवीस म्हणतो. ही माणसे खोटे बोलतात असे मला अजिबात वाटत नाही. उलट त्यांचे वर्णन इतके नेमके आहे की त्यावरून त्या प्राण्याची ओळख पटवता येते. तो प्राणी म्हणजे गव्हाणी घुबड. त्याची लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर आणि वजन साधारण अर्धा किलोच्या आत असते. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर त्याचे भाऊबंद आढळतात.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढच्या काळात ठाण्यातील वागळे इस्टेटपासून खाडीपलीकडच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतले अनेक नंतर बंद पडले आणि जमिनीचा वाद किंवा देण्याघेण्याचा निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षे तसेच राहिले. गव्हाणी घुबड घरटे बांधत नाही. त्याला उंचावरची, कोरडी, अंधारी पोकळी पुरते. पूर्वी ती जुन्या झाडांच्या ढोल्यांत, किल्ल्यांच्या तटांत आणि पडक्या वाड्यांत मिळत असे. आता ती छताच्या लोखंडी कैच्यांवर, थंड पडलेल्या चिमणीत किंवा हवा खेळवण्यासाठी बसवलेल्या पत्र्याच्या नळकांड्यात मिळते. खाली भंगाराच्या ढिगात आणि गटारांच्या कडेला उंदीर, घुशी आणि चिचुंद्र्या असतातच. त्यामुळे माणसाने सोडून दिलेला कारखाना या पक्ष्याच्या दृष्टीने घर आणि कोठार दोन्ही असतो.

आता त्या आवाजाकडे वळू. घुबड घुमते अशी आपली समजूत असते, पण ही जात घुमत नाही. मोठे पक्षी लांबलचक, चिरका, खरखरीत चीत्कार काढतात आणि त्रास दिला तर सापासारखे फुत्कारतात. रात्रभर चालणारे घोरणे मात्र पिल्लांचे असते. मादी साधारण दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अशी सहसा चार ते सात अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लेही एकाच वेळी जन्मत नाहीत. थोरले आणि धाकटे यांच्यात पंधरवड्याचेही अंतर असू शकते. आईबाप शिकारीला गेले असताना ही पिल्ले एकमेकांना ऐकवत ओरडत राहतात. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठातील अलेक्झांडर रूलँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की हे ओरडणे म्हणजे भावंडांमधली बोलणी असतात. ज्याला भूक जास्त ते अधिक वेळा आणि अधिक लांब ओरडते. ते ऐकून कमी भुकेले पिल्लू आवाज आवरते आणि पुढचा घास बहुधा भुकेल्याला मिळतो. अंधारात ज्या घोरण्याने माणसाच्या अंगावर काटा येतो, त्यात मारामारी टाळून अन्न वाटून घेण्याची व्यवस्था असावी, हे मला या पक्ष्याविषयीच्या सगळ्या माहितीत सर्वांत मोलाचे वाटते.

हा आवाज नेमका कुठून येतो हे कळत नाही, आणि म्हणूनच तो ‘सगळीकडून’ आल्यासारखा वाटतो. त्याचे कारण इमारतीत आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की बंद जागेत आवाज किती वेळ रेंगाळतो हे तिचे आकारमान आणि तिथल्या पृष्ठभागांची आवाज शोषण्याची क्षमता यांवर ठरते. यंत्रे, माल आणि माणसे होती तेव्हा शेड बराच आवाज शोषून घेत असे. आता उरलेल्या काँक्रीट, पत्रा आणि काच या तिन्ही वस्तू आवाज जवळपास जसाच्या तसा परत फेकतात. मोठ्या रिकाम्या शेडमध्ये एक चीत्कार काही सेकंद घुमत राहू शकतो. माणसाचा मेंदू दिशा ओळखताना कानावर सर्वांत आधी पोचलेल्या लहरीवर भर देतो, पण त्यासाठी आवाजाची सुरुवात ठळक असावी लागते. टाळी कुठे वाजली हे आपल्याला कळते. हळूहळू चढत जाणारा फुत्कार कुठून आला हे कळत नाही, कारण तो जाणवेपर्यंत भिंतींवरून परतलेल्या लहरी त्यात मिसळलेल्या असतात.

जिथे आपण असे गोंधळतो, तिथेच हा पक्षी केवळ ऐकून शिकार करतो. रॉजर पेन हे नाव पुढे देवमाशांच्या गाण्यांच्या अभ्यासामुळे जगाला ठाऊक झाले, पण त्यांचे सुरुवातीचे काम गव्हाणी घुबडावर होते. त्यांनी पूर्ण अंधार केलेल्या खोलीत जमिनीवर पाने पसरली आणि उंदीर सोडला. घुबडाने तो अचूक पकडला. मग उंदराऐवजी कागदाचा बोळा दोरीने पानांतून ओढला, तेव्हा घुबडाने त्या बोळ्यावरही झडप घातली, म्हणजे वास किंवा शरीराची ऊब यांचा संबंध नव्हता. एका कानात बोळा घातल्यावर त्याचा नेम चुकला.

या अचूकतेचे रहस्य चेहऱ्यात आहे. ज्याला नाक-तोंड नाही असे रखवालदार सांगतो, तो बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा म्हणजे ताठ पिसांची, डिश अँटेनासारखी आवाज गोळा करणारी बशी असते. चोच तिच्या मधोमध पिसांत जवळजवळ बुडालेली असते. पिसांखाली दोन्ही कानांची छिद्रे एका पातळीवर नसतात. डावे किंचित वर असून खालून येणारा आवाज चांगला टिपते, तर उजवे खाली असून वरून येणारा. आवाज कोणत्या कानात आधी पोचला यावरून घुबडाला डावे-उजवे कळते आणि कोणत्या कानात मोठा पोचला यावरून वर-खाली. हा वेळेचा फरक सेकंदाच्या काही लाखांशांत मोजावा लागतो. मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी १९७८ साली अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेत दाखवले की गव्हाणी घुबडाच्या मध्यमेंदूत आवाजाच्या दिशांचा नकाशाच असतो. त्यातली प्रत्येक चेतापेशी अवकाशाच्या ठरावीक भागातून आवाज आला तरच उत्तेजित होते. इतके सूक्ष्म अंतर पेशींना कसे कळते, हा पुढचा प्रश्न होता. लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ सालीच असे सुचवले होते की दोन्ही कानांकडून येणारे संदेश वेगवेगळ्या लांबीच्या चेतातंतूंतून धावत असतील आणि जिथे ते एकाच क्षणी भेटतील तिथली पेशी दिशा सांगत असेल. कॅथरीन कार आणि कोनिशी यांना १९८०च्या दशकात घुबडाच्या मेंदूत अशीच रचना सापडली. प्राण्यांचा मेंदू हिशेब कसा करतो याची इतकी स्वच्छ उकललेली उदाहरणे फार थोडी आहेत.

ऐकून शिकार करणाऱ्याला स्वतःच्या पंखांचा आवाज परवडत नाही. या घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते, वरच्या बाजूला मखमली लव आणि मागच्या कडेला मऊ झालर असते; त्यामुळे पंखावरून जाणाऱ्या हवेत आवाज करणारे भोवरे फारसे उठत नाहीत. शरीराच्या मानाने पंख मोठे असल्याने ते संथ उडू शकते. सुमारे मीटरभर रुंद, पांढरी आकृती डोक्यावरून मूकपणे सरकली आणि अंधारात तिच्या शेजारी मोजमापाला काहीच नसले, तर ती माणसाएवढी वाटणे स्वाभाविक आहे. रोखून पाहिल्यावर ती नाहीशी का होते, याचे उत्तर आपल्या डोळ्यांत सापडते. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसतातच, त्या त्याच्या सभोवती असतात. म्हणून अंधारातली फिकट वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते आणि नजर तिच्यावर स्थिरावली की पुसली जाते. त्यात हातात मोबाइलचा टॉर्च असेल, तर अंधाराला सरावायला डोळ्यांना लागणारी वीस-तीस मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

पांढऱ्या रंगाचाही घुबडाला उपयोग होतो. रूलँ यांच्याच गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की पौर्णिमेच्या उजेडात गडद पोटाच्या घुबडांची शिकार घटते, पांढऱ्यांची मात्र घटत नाही, कारण त्यांच्या पिसांवरून परावर्तित झालेल्या चांदण्याने उंदीरवर्गीय प्राणी अधिक वेळ जागीच थिजून राहतात. मानेचा प्रकार सोपा आहे. घुबडाचे नळीसारखे डोळे खोबणीत हलत नाहीत, म्हणून चौदा मणक्यांची मान दोन्ही बाजूंना सुमारे २७० अंशांपर्यंत वळते. जमिनीवरची ती हाडे म्हणजे न पचलेली केस-कवटी गोळा करून तोंडावाटे टाकलेले गोळे. असा एक गोळा कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने उलगडला, तर उंदीर आणि चिचुंद्री यांच्या कवट्या दातांवरून वेगळ्या ओळखता येतात. शाळांनी हा प्रयोग जरूर करावा, फक्त गोळे आधी नीट तापवून निर्जंतुक करावेत आणि हातमोजे घालावेत.

या पक्ष्याविषयीची भीती निरुपद्रवी नाही. घुबडाला दगड मारला तर ते तो उगाळत बसते आणि दगडाबरोबर मारणाराही झिजतो, ही आपल्याकडची जुनी समजूत निदान त्याला वाचवणारी होती. दिवाळीच्या सुमारास धनप्राप्तीच्या विधींसाठी घुबडांचे बळी दिले जातात. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेने २०१०च्या अहवालात देशातला हा बाजार उघड केला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, मारणे आणि विकणे हा गुन्हा आहे. रक्त गोठू न देणारे उंदीरविष हा दुसरा धोका. ते खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत आणि सुस्त असतो, तो घुबडाच्या हाती सहज लागतो आणि विष पुढे जाते. ज्या मुंबई परिसराने जुलै २००५च्या पुरानंतर उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोची साथ अनुभवली, तिथे उंदरांच्या शिकाऱ्यालाच आपण असे मारावे याचे मला वाईट वाटते.

राक्षस शोधायला रात्री भिंतीवरून उड्या मारणाऱ्या मुलांना खरा धोका जमिनीखाली आणि टाक्यांत असतो. सांडपाण्याच्या बंद टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि वायू गेला असे वाटते. गंजणारी पोलादी टाकी आतला प्राणवायू शोषून घेते आणि त्याचा तर वासही येत नाही. अशा जागेत पडलेल्याला काढायला दुसरा उतरला की तोही पडतो.

या पट्ट्यातल्या जुन्या शेड पाडून तिथे माहिती-केंद्रे (डेटा सेंटर) आणि काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्यांत पोकळी नसते. मलेशियातील पामतेलाच्या मळ्यांत आणि १९८०च्या दशकापासून इस्राएलच्या शेतांत लाकडी पेट्या लावून गव्हाणी घुबडांना उंदरांवर नियंत्रणासाठी वसवले गेले आहे. तीच पेटी रबाळे-महापे भागातल्या नव्या आवारात, माणसांच्या ये-जा मार्गापासून दूर, चार-पाच मीटर उंचीवर बसवता येते. पाडकाम सुरू करण्यापूर्वी कैच्या आणि नळकांडी दिवसा तपासावीत. अंडी किंवा पिल्ले आढळली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि तेवढा कोपरा राखावा. अंडी उबायला सुमारे महिना आणि पिल्ले उडायला दोन महिने, म्हणजे थांबायचे ते जास्तीत जास्त तीन-साडेतीन महिने.